अंशतः खरे आहे

पिशवी दुधाची होती, धुऊन वाळवलेली, आणि भावोजींची गिरणीतली सगळी वर्षं तिच्यात मावली होती. त्यांनी ती माझ्या गिरगावातल्या खोलीत चटईवर पालथी केली. लाल पास, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर टिपलेला चिठोरा, १९८१ सालची एक पगारपावती. गिरणी कामगारांच्या घरासाठी पात्रता ठरवताना यातलं काय चालतं, ते त्यांना माझ्याकडून बघून घ्यायचं होतं. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर तुम्ही कामावर होता, एवढं दाखवावं लागतं. संप सुरू झाला १८ जानेवारीला.

“सतरा दिवस,” भावोजी म्हणाले. “साचेखात्यात सहा वर्षं काढली वहिनी, आणि कागदाला हवेत ते शेवटचे सतरा दिवस.”

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, लालबागचे. संपावर गेलेल्या अडीच लाखांतले एक. पुढे त्यांनी मिळेल ते काम केलं, पण मोर्चा एकही चुकवला नाही. मी १९८३ साली विधिमंडळ सचिवालयात मराठी प्रतिवेदक म्हणून लागले आणि २०१७ला निवृत्त झाले. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपून घ्यायचं आणि शब्दाला शब्द मराठीत उतरवून द्यायचं, हे प्रतिवेदकाचं काम. नरिमन पॉइंटच्या त्या एका इमारतीकडे आम्ही दोघं इतकी वर्षं बघत आलो, ते बाहेरून आणि मी आतून. त्यावर आमचं कधी धड बोलणं झालं नव्हतं. घरात मोर्चाचा विषय निघाला की मी स्वयंपाकघरात जायची, अधिवेशनाचा निघाला की ते गॅलरीत जायचे. त्या दुपारी मात्र ते बोलले.

“वहिनी, रागावू नका. तुम्ही तिथं चौतीस वर्षं लिहिलंत. त्याचं आम्हाला काय झालं?”

मला राग आला नाही. प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला त्या इमारतीत जसं उत्तर देतात तसंच द्यावं असं मला वाटलं. मी त्यांना आधी तारांकित प्रश्नाचा साचा सांगितला. अमुक गावची पाणीयोजना बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वर्षानुवर्षं हा साचा बदललेला नाही. आणि उत्तर बहुधा तीनपैकी एक असतं. हे खरे आहे. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे.

“अंशतः म्हणजे लपवाछपवी,” भावोजी म्हणाले.

“सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण तिन्हींत जास्त राबणूक त्या अंशतःमागे असते. नुसतं ‘नाही’ म्हणायला काही शोधावं लागत नाही. अंशतः म्हणायचं तर कुठला अंश खरा, ते कुणालातरी जाऊन बघून यावं लागतं.”

मग मी त्यांना एलएक्यूचा, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नाचा, प्रवास सांगितला. आमदारानं दिलेला प्रश्न प्रश्न शाखेत येतो. नियमात बसतो का ते बघतात, भाषा नीट करतात, अध्यक्षांच्या अधिकारात तो स्वीकारला जातो आणि मंत्रालयातल्या खात्याकडे जातो. खातं जिल्ह्याला विचारतं, जिल्हा तालुक्याला. तालुक्याच्या कचेरीत एक कारकून ‘एलएक्यू आलाय’ म्हणून दिवेलागणीनंतरही बसून राहतो, तलाठ्याला फोन लावतो, जुनी फाइल काढतो. ज्या माणसाची ती तक्रार असते तो वर्षभर हेलपाटे घालत असतो, तेव्हा ती फाइल हलत नाही. एलएक्यू आला की हलते. खालून उत्तर वर येतं, मंत्र्यांची सही होते, आणि प्रश्नोत्तरांची यादी छापून सकाळी सदस्यांच्या हातात पडते. चर्नी रोडचं शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. विधिमंडळाचे कागद तिथं छापायचे, आणि अधिवेशनात तिथल्या लोकांनी काढलेल्या रातपाळ्या मी जवळून पाहिल्या आहेत.

“आणि त्यातले बोलले जातात किती?”

“तासाभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोंधळ झाला तर एकही नाही.”

“मग?”

“बाकीच्यांची लेखी उत्तरं छापील राहतात.”

भावोजींनी चटईवरचा लाल पास उचलला. “छापील आमच्याकडेही आहे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा टाकायला उठले. आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

“तुम्ही त्या इमारतीत लागलात तेव्हा ती नवी कोरी होती. इंदिराबाई आल्या होत्या उद्घाटनाला, एप्रिल ८१मध्ये. आमच्या खात्यातली दोघं-तिघं बघायला गेली होती. पुढच्या वर्षी आमचा भोंगा बंद. आणि दादांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊक आहे.”

दादा म्हणजे माझे सासरे. २१ नोव्हेंबर १९५५च्या मोर्चात ते होते. तेव्हा विधिमंडळ रिगलजवळच्या कौन्सिल हॉलात भरायचं, दगडी इमारत, मुळात खलाशांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबाग-परळहून, गिरगावातून माणसं तिकडे निघाली आणि फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. दादा परत आले. त्यांच्यापुढे चालणारा त्यांच्याच खात्यातला एकजण आला नाही. दादा मरेपर्यंत त्या जागेवरून, म्हणजे हुतात्मा चौकातून, जाताना चप्पल काढायचे.

“दादा ज्या इमारतीकडे निघाले होते तिथं आज पोलिसांचं मुख्यालय आहे,” भावोजी म्हणाले. “आणि मी ज्या इमारतीकडे निघालो ती मला अजून दिसलेली नाही. आधी काळ्या घोड्याला अडवायचे, मग आझाद मैदानातच कठडे. पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जायचं. आम्ही उन्हात बसून असायचो. संध्याकाळी ते बाहेर येऊन सांगायचे, साहेबांनी आश्वासन दिलंय. घरी जा.”

मी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकातल्या एका अधिवेशनात, ते मैदानात होते त्या दिवशी, आत गिरण्यांवर लक्षवेधी लागली होती. पाळी माझी होती. सभागृहात बाहेरच्या घोषणा ऐकू येत नाहीत. समुद्र एवढा जवळ, पण त्याचाही आवाज येत नाही. मला माहीत होतं की माझा दीर दीड-दोन किलोमीटरवर उन्हात बसला आहे, आणि मी मंत्र्यांचं उत्तर लिहीत होते. हात थरथरून चालत नाही. मिनिटाला १२० शब्दांच्या वेगानं बोलणाऱ्याचा एक शब्द सुटला की मागचे चार जातात.

“त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा काही बोलला नाहीत.”

“बोलायचं नसतं. जे कामकाजात आहे ते छापून येईल, जे कामकाजातून काढून टाकलं ते माझ्या वहीत असलं तरी माझ्या तोंडून कधी बाहेर जाणार नाही. अशा पुष्कळ गोष्टी माझ्याजवळ आहेत, भावोजी.”

“एक तरी सांगा.”

“नाही.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “पण बसता कुठं तुम्ही? टीव्हीवर दिसत नाही तुम्ही कधी.”

अध्यक्षांच्या आसनासमोर, खालच्या अंगाला, सभागृहाच्या मध्यावर आमचं टेबल. राजदंड आमच्यापासून हातभर अंतरावर. सदस्य चिडून पुढे धावले की आधी आमच्या टेबलाशी येतात. कागद भिरकावले जातात, माइक ओढले जातात, आणि आम्ही मान खाली घालून लिहीत असतो. वीस जण एकदम बोलत असले तर ज्याचा माइक सुरू त्याचं घ्यायचं, बाकीच्यांसाठी कंसात ‘अडथळा’. पाळी काही मिनिटांचीच, कारण त्यापेक्षा जास्त वेळ कान तसा राहत नाही. माझी पाळी संपायच्या आत पुढचा सहकारी शेजारी येऊन बसतो, वही उघडतो. माझं शेवटचं वाक्य तोही ऐकतो. मग मी उठते, खुर्चीचा आवाज होऊ न देता, आणि शाखेत जाऊन टिपण उतरवायला घेते. पानाच्या डोक्यावर असतं, ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’. तळाला असतं, ‘यानंतर श्री.’ आणि पुढच्या माणसाचं आडनाव. उतरवून होतंय तोवर परत पाळी.

भावोजींनी कप खाली ठेवला. “हे तर सूत तुटल्यासारखं झालं.”

“म्हणजे?”

“साच्यावर ताण्यातला धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटकी टोकं शोधायची, गाठ मारायची, पुन्हा सुरू. गाठ अशी बसली पाहिजे की कापडावर बोट फिरवलं तर लागू नये. दोन माणसांच्या मधली ती गाठ तुम्ही मारता. वाचणाऱ्याला लागत नाही.”

चौतीस वर्षांत माझ्या कामाविषयी एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणारा माणूस त्या इमारतीवर विश्वास नसलेला.

मला वाटलं ते थोडे माझ्या बाजूला झुकले आहेत, म्हणून मी माझ्याकडची भक्कम गोष्ट काढली. भावोजी दर ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जातात. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे शासनाने काढलेले खंड त्यांच्या घरात फळीवर ओळीनं आहेत, त्यातले काही त्यांनी चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात रांग लावून आणलेले. दुसरा खंड मुंबई विधिमंडळातल्या भाषणांचा. तो छापला गेला १९८२ साली.

“त्यात सप्टेंबर १९३८चं भाषण आहे,” मी म्हटलं. “औद्योगिक कलह विधेयकावरचं. कामगाराचा संपाचा हक्क ते विधेयक काढून घेतंय म्हणून बाबासाहेब उभे राहिले, आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला. ते भाषण आज तुमच्या फळीवर कसं आलं? कुणीतरी खाली मान घालून लिहीत होतं म्हणून. त्याचं नाव कुठल्याच पानावर नाही. तो पेन्सिल खाली ठेवून नुसता ऐकत बसला असता तर?”

“आणि कायदा?”

“कायदा झाला.”

“झालाच ना. मतदान झालं, कायदा झाला. मग १९४६चा आला, बीआयआर. प्रातिनिधिक संघटना एकच, मालकाशी बोलेल तर तीच बोलेल, बाकीच्यांनी कितीही माणसं उभी केली तरी त्यांना दारात जागा नाही. ८२ला आम्ही पगार-बोनसाच्या बरोबरीनं त्याच कायद्याशी भांडत होतो, वहिनी. संपाचं नेतृत्व करणाऱ्या डॉक्टरांच्या मागे अडीच लाख माणूस उभा राहिला, पण कायद्याच्या वहीत आमची संघटना नव्हतीच. तो कायदा कुणी केला? तुमच्याच सभागृहानं. तेव्हाही कुणीतरी खाली मान घालून लिहीतच होतं.”

हे खरे आहे. मी तसं म्हटलं. कायद्याच्या इतिहासात गिरणी कामगाराला जेवढं मिळालं त्याहून जास्त बांधून ठेवलं गेलं, आणि ती बांधणी सभागृहातच झाली, विधेयकाच्या वाचनांनी, खंडाखंडावर हात वर करून. मी हे वाचलं होतं. त्यांनी ते सोसलं होतं.

तरी मी सोडलं नाही. मी त्यांना ‘शक्यतो’ची गोष्ट सांगितली. एकदा एका मंत्र्यांनी सभागृहात म्हटलं, हे काम तीन महिन्यांत करू. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून माणूस आला. भाषणाची प्रत सदस्यांना दुरुस्तीसाठी बघायला मिळते, पण ती दुरुस्ती भाषेची, अर्थाची नाही. त्या माणसाला एकच शब्द घालून हवा होता. ‘तीन महिन्यांत’च्या आधी ‘शक्यतो’. माझ्या वहीत तो शब्द नव्हता. माझ्या आधीच्या पाळीचा सहकारी त्या वाक्याला टेबलाशीच होता, त्याच्याही कानावर तो आला नव्हता. आमच्या वरिष्ठांनी वही मागवली, माझ्याकडून ती रेघोट्यांची ओळ मोठ्यानं वाचून घेतली, आणि प्रत जशी होती तशीच गेली.

“एका शब्दासाठी एवढं?”

“कारण पुढे ती प्रत आश्वासनांच्या शाखेत जाते. तिथली माणसं कामकाज ओळ न् ओळ वाचतात. मंत्री कुठं म्हणाले करू, कुठं म्हणाले चौकशी करण्यात येईल, ते वेचून काढतात, खात्याला कळवतात. आश्वासन दिलं की पूर्ततेला तीन महिने. झालं नाही तर आश्वासन समिती सचिवांना बोलावून विचारते. ‘शक्यतो’ आला असता तर त्या वाक्याचं आश्वासनच राहिलं नसतं. तुम्हाला मैदानात येऊन जे सांगायचे ना, साहेबांनी आश्वासन दिलंय, ते दालनात दिलेलं. त्याला कागद नाही, त्याला शाखा नाही. सभागृहात दिलेल्याला आहे.”

“आणि त्या मंत्र्यांचं तीन महिन्यांत झालं?”

“नाही. समितीपुढे गेलं. झालं, पण वेळ लागला.”

“अंशतः,” भावोजी म्हणाले.

“अंशतः.”

त्यांनी पिशवीतली एक घडी उलगडली. वर्तमानपत्राचं कात्रण, कडा झिजलेल्या. मी बघितल्याबरोबर ओळखलं, कारण त्या विषयावर त्यांच्याशी बोलायचं मी आजवर टाळत आले होते. गिरण्यांच्या जमिनी. विकास नियंत्रण नियमावलीचा ५८वा नियम. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे होते, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे संपूर्ण जमिनीचे न राहता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे झाले. शेडखालची, चिमणीखालची, खात्यांखालची सगळी जमीन हिशेबातून गेली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? उच्च न्यायालयानं २००५ला कामगारांच्या आणि शहराच्या बाजूनं निकाल दिला, ७ मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. लालबागच्या नाक्यावर उभं राहून वर बघितलं की त्या नियमाचे मजले मोजता येतात.

“हा बदल तुम्ही लिहून घेतलात?” भावोजींनी विचारलं. “कोण बाजूनं बोललं, कोण विरुद्ध बोललं, कुणी हात वर केला? मला ते पान दाखवा. मी माझ्या पैशांनी छापून आणतो.”

ते पान नाही. नियम बदलायला विधेयक लागत नव्हतं, वाचनं लागत नव्हती, मतदान लागत नव्हतं. नगरविकास खात्याची अधिसूचना पुरली. सदस्यांनी नंतर प्रश्न विचारले असतील, चर्चा मागितली असेल, पण मुंबईच्या मधोमध असलेल्या शेकडो एकर जमिनीचं जे झालं त्यावर सभागृहाचा एकही हात वर झाला नाही, खालीही नाही. मी चौतीस वर्षं ज्या टेबलाशी बसले त्या टेबलावरून ते गेलंच नाही.

मी त्यांना तसं सांगितलं. आवाज चढवून बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही चुकीच्या दारापुढं बसलो होतो.”

“नाही, भावोजी. दार बरोबर होतं. ती गोष्ट त्या दारानं आत यायला हवी होती, आणि तिला दुसऱ्या वाटेनं नेलं. आली असती तर निदान २८८ जणांपैकी कोण काय म्हणालं ते राहिलं असतं. रात्री दोन वाजता गणपूर्तीची बेल वाजली असती, दहावा हिस्सा म्हणजे २९ माणसं आत बोलवावी लागली असती, आणि त्या २९ जणांची नावं तुमच्या नातवाला वाचता आली असती. मला तेवढंही थोडं वाटत नाही.”

“मला वाटतं,” भावोजी म्हणाले. “घर नाही आणि नावं आहेत.”

ह्यावर वाद संपला असता. दोघांनाही आपापलं पटलेलं होतं आणि दोघांकडेही एकमेकांचं खोडायला काही उरलं नव्हतं. मी कागद आवरायला घेतले. लाल पास वर, ईएसआय खाली. पगारपावती उजेडात धरली. कार्बनची निळी अक्षरं विरली होती, तिकीट नंबर मात्र नीट दिसत होता. कपातींच्या रकान्यांतून बोट फिरवताना मी एका ठिकाणी थांबले. प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, आणि त्यांच्याखाली व्यवसाय कर. आकडा अगदी लहान.

“आई तेव्हा गावी होत्या ना? माणला?”

“होती की. मी मुंबईला आल्यावरही चार-पाच वर्षं रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. का?”

मी पावती त्यांच्याकडे फिरवली. बहात्तरच्या दुष्काळापासून महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी ती कल्पना धरून ठेवली, तिच्यामागं लागले. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, म्हणून १९७५ला व्यवसाय कराचा कायदा झाला; शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचा आणि खेड्यातल्या कामावर घालायचा. १९७७ला हमीचाच कायदा झाला. देशाला तो यायला २००५ उजाडलं. हे सगळं सभागृहातून गेलं, बोललं गेलं, लिहिलं गेलं. तेव्हा मी तिथं नव्हते, पण आमच्या ग्रंथालयात बांधलेले खंड होते आणि नवीन लागलेल्यांना सरावासाठी जुनी भाषणं वाचायला द्यायचे. त्यात मी हे वाचलं होतं.

“तुमच्या साच्यावरचे पैसे आहेत हे,” मी म्हटलं. “आईंच्या खडीच्या हजेरीत गेलेले.”

भावोजींनी पावती हातात घेतली. चष्मा कपाळावर सारून ती डोळ्यांजवळ नेली, परत लांब धरली. त्यांच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. हाताला पडलेले खडीचे घट्टे मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिले होते. त्यांनी मला बांगड्या भरल्या तेव्हा ते माझ्या मनगटाला लागले होते.

“हे मला जाबरानं सांगितलं नाही, युनियननं सांगितलं नाही,” ते हळूच म्हणाले. “आम्ही म्हणायचो, हा कसला कर, गरिबाच्या पगारातून. मी शिव्या घातल्यात ह्या रकान्याला.”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. खाली गल्लीत कुल्फीवाला आला, गेला. मी त्यांचं मत बदललं असं मला म्हणायचं नाही. आईला म्हातारपणी खडी फोडावी लागली, हेही त्या रकान्यात होतंच, आणि ते त्यांना माझ्याआधी दिसलं असणार.

मग मी त्यांना विनंती अर्ज समितीबद्दल सांगितलं. साध्या नागरिकाला सभागृहापुढे अर्ज करता येतो. तो एका सदस्याच्या सहीनं, त्याच्यामार्फत सादर करावा लागतो. भाषा सभ्य हवी, आणि शेवटी नेमकी मागणी हवी. समिती खात्याचं म्हणणं मागवते, गरज वाटली तर अर्जदाराला बोलावते. २०१२च्या जूनमध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती सात हजारांच्या आत घरांची होती, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. ज्यांचा नंबर लागला नाही त्यातले कितीतरी आज नाहीत. वारसांनी कागद कुठून आणायचे, ही मागणी एका अर्जात मावण्यासारखी आहे. निवेदन मैदानातून पाच जणांच्या हाती आत जातं आणि दालनात राहतं. हा अर्ज सभागृहात सादर झाला की कामकाजात येतो.

“मला आत बोलावतील?”

“बोलावतीलच असं नाही. पण अर्जाची नोंद होईल.”

“कुठल्या आमदाराची सही घ्यायची?”

“तुमच्या भागातल्या. तो तुमच्या दारात मत मागायला येतो, तुम्ही त्याच्या दारात सही मागायला जा.”

मी कपाटातून वही काढली. कामावरच्या वह्या सगळ्या जमा केल्या होत्या. ही घरची, वाणसामानाची. पेन्सिलीला टोक केलं. निवृत्त झाल्यापासून लघुलिपीला हात लावला नव्हता, म्हणून आधी दोन ओळी उगाच रेघोट्या मारून बोटं मोकळी केली. भावोजी भिंतीला टेकून बसले होते, ते सरळ झाले.

“सुरू करू?”

“करा. सावकाश नको, नेहमी बोलता तसंच बोला. मी घेईन.”

ते बोलायला लागले. गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर. सतरा दिवस. संपानंतर बोरिवलीत वॉचमनचं काम, मग एका कुरिअरवाल्याकडे. मधे दादा गेले. मग आई. कठड्यांपाशी उभं राहून किती पावसाळे काढले ते. मग एकदम त्यांचा आवाज चढला, आणि आम्हाला आमच्याच जमिनीवरून हाकलणाऱ्यांविषयी ते तीन-चार वाक्यं अशी बोलले की गॅलरीतून जाणारी शेजारीण थबकली. माझी पेन्सिल चालत होती.

ते थांबले. “हे सगळं लिहिलंत?”

“लिहिलं.”

“सभ्य भाषा हवी म्हणालात ना. हे काढून टाका.”

“अर्जात ते मी वेगळ्या शब्दांत मांडीन. पण वहीतून काढून टाकायचा अधिकार मला कधीच नव्हता, भावोजी. तो अध्यक्षांचा.”

ते वहीतल्या त्या रेघोट्यांकडे बघत राहिले. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं.

“मग राहू द्या,” ते म्हणाले. “पुढं घ्या. आता आईचं सांगतो.”